धुऱ्यावरची दुर्बीण

उपग्रहावरून जागा सांगणारा रोव्हर आला आणि जमीन मोजणीतून थिओडोलाइट, म्हणजे दुर्बिणीतून कोन मोजायचं यंत्र, जवळपास हद्दपार झालं. तरी वर्धा-यवतमाळकडे एखाद्या निवृत्त ओव्हरसिअरच्या माळ्यावर लाकडी पेटीतलं जुनं यंत्र निघतं, आणि ते झाडूनपुसून चालवणारे हौशीही भेटतात. गावात त्याला थिओडोलाइट कुणी म्हणत नाही. ती ‘दुर्बीण’.

या दुर्बिणीचं विदर्भाशी नातं जुनं आहे. १८०२ मध्ये विल्यम लॅम्ब्टनने मद्रासजवळ पायारेषा मोजून त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू केलं. एक बाजू साखळीने नेटकी मोजायची, मग नुसते कोन घेत पुढे सरकायचं. बाकीच्या बाजू गणितातून निघतात. त्यासाठी लंडनच्या विल्यम कॅरीने घडवलेलं यंत्र कोन वाचायच्या ३६ इंची चकतीचं होतं, वजन अर्ध्या टनाच्या घरात. १८०८ मध्ये तंजावरच्या मंदिरावर चढवताना दोर तुटला, यंत्र भिंतीवर आदळलं, चकती वाकली. लॅम्ब्टन तंबूत दार लावून बसला आणि कित्येक आठवडे खपून त्याने ती स्वतःच सरळ केली. जुन्या थिओडोलाइटच्या जुगाडाचा इतिहास लिहायचाच, तर मी इथूनच सुरू करीन.

हाच माणूस हैदराबादहून नागपूरकडे निघाला असताना जानेवारी १८२३ मध्ये हिंगणघाटला वारला. त्याला तिथेच पुरलं. कापसाच्या गाड्या घेऊन हिंगणघाटला जाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल!

पुढची सूत्रं जॉर्ज एव्हरेस्टकडे गेली. उन्हात तापलेल्या हवेत लांबचं निशाण थरथरतं, म्हणून त्याने रात्री दिवे लावून कोन घेण्यावर भर दिला. आपल्याकडच्या एप्रिलमध्ये सकाळी दहानंतर दुर्बिणीला डोळा लावून पाहा, कारण लगेच कळेल. त्याची यंत्रं सांभाळायला अर्काटचे सय्यद मीर मोहसीन हुसेन यांच्यासारखा कसबी माणूस होता, हेही विसरायला नको.

विसाव्या शतकात यंत्र हलकं झालं. हाइनरिश विल्डने १९२१ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या हेरब्रुगला कारखाना काढला. पितळी चकतीच्या जागी काचेची आली. त्यांच्या टी-टू यंत्रावर एका सेकंदापर्यंतचा कोन वाचता येतो. हा सेकंद म्हणजे अंशाचा छत्तीसशेवा भाग, किलोमीटरवर साधारण पाच मिलिमीटर. १९६८ मध्ये विल्डचाच डीआय-टेन हा अवरक्त अंतरमापक आला. असं उपकरण जुन्या यंत्राच्या जोडीला बसवलं की कोनाबरोबर अंतरही मिळू लागलं.

आजचे जुगाड स्वस्तातले. आत उजेड पाडणाऱ्या आरशाजागी छोटा एलईडी, वाचनाच्या भिंगाला मोबाइलचा कॅमेरा, घट्ट झालेलं ग्रीस काढून नवं तेल. फार जुन्या यंत्रांत दुर्बिणीतल्या आडव्या-उभ्या रेषा कोळ्याच्या तंतूच्या असायच्या. तो तुटला तर दुसरा लावत. अंतरमापक नसला तरी अडत नाही. दुर्बिणीत मधल्या रेषेच्या वर-खाली दोन आखूड ‘स्टेडिया’ रेषा असतात. समोर उभ्या धरलेल्या पट्टीवर त्या दोघींमधलं अंतर वाचून शंभराने गुणलं, की सपाट रानात काम भागतं.

खरी खोड काळ्या मातीची. ओलीत स्टँडचे पाय हळूहळू रुततात, नुसतं यंत्राभोवती फिरलं तरी यंत्र समपातळीत आहे का ते दाखवणारा बुडबुडा हलतो. म्हणून आधी लाकडी खुंट्या ठोकून त्यांवर पाय टेकवावे लागतात. तरीही या वाचनावर कुणाचा धुरा, म्हणजे शेताच्या हद्दीचा बांध, ठरत नाही. भांडण असेल तर भूमी अभिलेखची मोजणीच लागते. शेततळ्याची, बांधबंदिस्तीची आखणी मात्र खुशाल करावी.

जुन्या दुर्बिणीत चित्र उलटं दिसतं. सुलटं करायला जास्तीची भिंगं लागतात आणि त्यांत उजेड कमी होतो, म्हणून ते तसंच ठेवलेलं. आमच्याकडच्या एका आजोबांनी डोळा लावला आणि दचकून मागे सरले. “अरे बाप्पा, बैल त आभायात चालून रायले!” मग पुन्हा वाकले, बराच वेळ पाहत राहिले आणि विचारलं, “याच्यात माहा धुरा कोन्या बाजूनं सरकन?”