कोड आला म्हणजे सेन्सरच गेला, असं नाही

‘स्कॅनरवर पी०३३५ आलाय ना, मग क्रँक सेन्सर बदला.’ ठाण्यातल्या गॅरेजांमध्ये हे वर्षानुवर्षं ऐकतोय. स्कॅनर म्हणजे गाडीतल्या बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र. पण हा कोड फक्त क्रँकशाफ्ट पोझिशन सेन्सरच्या (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याची स्थिती ओळखणाऱ्या सेन्सरच्या) सर्किटमध्ये बिघाड आहे, एवढंच सांगतो. सर्किट म्हटलं की वायरिंग, कनेक्टर, अर्थ (ग्राउंड), ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) सगळंच आलं.

गेल्या पावसाळ्यात घोडबंदर रोडवर माझी गाडी चालता चालता बंद पडली. गॅरेजमध्ये नवा सेन्सर बसवला, चार दिवसांत पुन्हा तेच. शेवटी कनेक्टर उघडला, तर एका पिनेवर हिरवट गंज! पिन साफ केली, गाडी सुरळीत झाली. सेन्सरचे पैसे मात्र गेलेच.

म्हणून आधी मल्टिमीटर घ्या. तीन वायरचा हॉल सेन्सर (बाहेरून वीज लागणारा, चुंबकीय बदल ओळखणारा) असेल तर कनेक्टर काढून इग्निशन ऑन करा. सप्लायच्या पिनेवर बहुतेक गाड्यांत ५ व्होल्ट, काहींत १२ मिळतात. तेच नसतील किंवा अर्थ कच्चा असेल, तर नवा सेन्सर काय करणार? दोन वायरच्या इंडक्टिव्ह सेन्सरला (स्वतःच सिग्नल तयार करणाऱ्या कॉइलच्या सेन्सरला) सप्लाय लागतच नाही. त्याचा रेझिस्टन्स मोजून गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलशी ताडून पाहा.