डॉक्युमेंट्री फेस्टिवलला पाठवताय? आधी कागद बघा

मानवी हक्कांच्या फेस्टिवलला फिल्म पाठवायची म्हणजे फॉर्म भरा, फी भरा, लिंक टाका, झालं, असं सगळ्यांना वाटतं. तेवढं अर्ध्या तासात होतं पण. अडतं ते पुढे.

आधी तारीख. प्रागचा वन वर्ल्ड आणि जिनिव्हाचा एफआयएफडीएच, हे दोन मानवी हक्कांचे फिल्म फेस्टिवल, साधारण मार्चमध्ये भरतात, म्हणजे अर्ज आदल्या वर्षीच करायचा. शेवटच्या दिवशी रात्री 11:59 लिहिलेलं असतं ते कुठल्या घड्याळाचं हे बघा, बहुतेक वेळा ते तुमचं नसतं. फी माफी हवी असेल तर पैसे भरायच्या आधी मेल करा, भरलेली फी सहसा परत मिळत नाही.

मग प्रीमियर, म्हणजे फिल्म लोकांना पहिल्यांदा दाखवणं. तो आपल्याकडेच व्हावा असं बऱ्याच फेस्टिवलना वाटतं. "यूट्यूबवर दोनच दिवस ठेवली होती हो", हे मी इतक्यांदा ऐकलंय! दोन दिवस का असेना, सगळ्यांना दिसत होती ना, मग बऱ्याच ठिकाणी वर्ल्ड प्रीमियर गेला. पासवर्डवाली लिंक चालते, फक्त निकाल लागेपर्यंत पासवर्ड बदलू नका.

खरी गोची संमतीपत्राची, म्हणजे फिल्ममध्ये जे दिसतात त्यांच्या होकाराच्या कागदाची. इंग्रजी फॉर्म, त्यावर अंगठा, आणि त्या बाईंना विचारलं तर त्यात काय लिहिलंय हे माहीतच नाही, असला कागद असून नसल्यासारखा. त्यांच्या भाषेत वाचून दाखवा, फिल्म परदेशात आणि नेटवरही दिसेल हे स्पष्ट सांगा, आणि त्यांचं "हो" कॅमेऱ्यावर घ्या. लहान मूल असेल तर पालकांची सही लागतेच. एका फिल्ममध्ये चेहरा नीट ब्लर केला होता, आवाजही बदललेला, आणि सोबत पाठवलेल्या फोटोच्या फाइलला त्या बाईंचं पूर्ण नाव! पोस्टर, सबटायटल, फाइलची नावं, सगळं तपासा.

संगीताला दोन परवानग्या लागतात, एक गाण्याच्या रचनेची, दुसरी त्या रेकॉर्डिंगची. शेवटी "सौजन्य" लिहिलं म्हणजे परवानगी मिळाली असं होत नाही. जुन्या बातम्यांच्या फुटेजचंही तेच. फक्त फेस्टिवलपुरती परवानगी स्वस्तात मिळू शकते, पण उद्या ओटीटीवाल्यांनी विचारलं की परत पैसे मोजा.

लांबीचा नियम प्रत्येकाचा वेगळा. ऑस्करला 40 मिनिटांच्या वर गेली की फीचर, म्हणजे पूर्ण लांबीची फिल्म, दुसरीकडे 60 मिनिटांची अट असू शकते, त्यामुळे 52 मिनिटांची टीव्हीवाली कॉपी कुठल्या गटात बसते हे आधी विचारून घ्या. इंग्रजी सबटायटल बहुतेक ठिकाणी लागतातच, त्यांची एसआरटी फाइल, म्हणजे नुसत्या सबटायटलची फाइल, वेगळी ठेवा. डीसीपी, म्हणजे थिएटरात दाखवायची डिजिटल कॉपी, मात्र निवड झाल्यावरच करा, आधी खर्च नको.