कॅमॅरो झेड/28 आणि एसएस 396 : एक वळणाची, एक सिग्नलची

ऑगस्टचा तिसरा शनिवार आला की डेट्रॉइटच्या वुडवर्ड ॲव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची जत्रा भरते. 1995 पासून हे चाललंय. गेल्या खेपेला पुण्याहून आलेला भाचा बरोबर होता. एका पेट्रोल पंपाच्या आवारात शेवरले कंपनीच्या 1969 च्या दोन कॅमॅरो शेजारी शेजारी लावलेल्या. एक निळी, बॉनेटवर आणि डिकीवर दोन रुंद पांढरे पट्टे. दुसरी नारिंगी, बॉनेटवर खोट्या जाळ्यांच्या दोन ओळी. दोन्हींची बॉनेटं उघडी. भाच्यानं आधी इकडे वाकून पाहिलं, मग तिकडे, आणि जरा हिरमुसूनच विचारलं, "मामा, रेसची गाडी निळी म्हणालास ना? मग मोठं इंजिन त्या नारिंगीत कसं?"

अमेरिकेत वाढलेली माणसंही इथे चुकतात. मसल कार म्हणजे मोठं इंजिन, आणि मोठं इंजिन म्हणजे रेस, असं समीकरण डोक्यात पक्कं बसलेलं असतं. त्यात ड्रॅग रेस आणि रोड रेसिंग हे दोन वेगळे खेळ आहेत, हे कुणी सांगितलेलं नसतं. पहिल्या खेळात पाव मैल सरळ पळायचं, संपलं. दुसऱ्यात डावी-उजवी वळणं, चढ-उतार, आणि दर मिनिटाला कुठेतरी जीव खाऊन ब्रेक दाबायचा. शेवरलेनं एकाच सांगाड्यावर या दोन्ही खेळांसाठी गाड्या विकल्या. नारिंगी, म्हणजे एसएस 396, पहिल्या खेळाची; निळी, झेड/28 च्या थाटातली, दुसऱ्या.

नावांनी घोळ आणखी वाढवला. झेड/28 हे नाव कुणी बारसं करून ठेवलेलं नाही, तो ऑर्डर फॉर्मवरच्या एका पर्यायाचा क्रमांक आहे. 1969 च्या यादीत झेड22 म्हणजे रॅली स्पोर्ट, झेड27 म्हणजे सुपर स्पोर्ट उर्फ एसएस, आणि त्याच्या खालची ओळ झेड28. रॅली स्पोर्टचा वेगाशी काही संबंध नाही. झाकणाआड लपणारे हेडलाइट आणि थोडा साजशृंगार, इतकंच. तो एसएसवरही चढवता यायचा आणि झेड/28 वरही. एसएस आणि झेड/28 मात्र एकाच गाडीत मिळत नसत. (इथले लोक 'झी ट्वेंटी-एट' म्हणतात. मी अजून झेडच म्हणतो आणि दर वेळी एकदा तरी दुरुस्त केला जातो.)

आता इंजिनं. एसएस 396 मधलं इंजिन 396 क्युबिक इंचांचं, म्हणजे साडेसहा लिटरचं. साध्या अवतारात 325 हॉर्सपॉवर, एल78 नावाच्या तिखट अवतारात 375. झेड/28 चं इंजिन 302 क्युबिक इंच, पाच लिटरला जरासं कमी, आणि कागदावर 290 हॉर्सपॉवर. कागदावर म्हणायचं कारण, हा आकडा मुद्दाम कमी छापला होता असं जवळपास सगळेच जाणकार मानतात. तो खरा धरला तरी प्रश्न उरतोच. त्याच कंपनीकडे साडेसहा लिटरचं तयार इंजिन असताना वळणांच्या शर्यतीसाठी पाच लिटरचं वेगळं इंजिन का बांधलं?

पहिलं कारण नियमाचं. 1966 मध्ये ट्रान्स-ॲम ही शर्यतमालिका सुरू झाली. त्यात कारखान्यातून विकल्या जाणाऱ्या बंद छपराच्या गाड्या उतरायच्या आणि इंजिनाची कमाल मर्यादा होती पाच लिटर, म्हणजे 305 क्युबिक इंच. पहिल्याच मोसमात मोठ्या इंजिनांच्या गटाचा किताब फोर्ड मस्टँगनं नेला. शेवरलेमध्ये व्हिन्स पिगिन्स नावाचा गृहस्थ होता, त्यानं कंपनीच्या गळी उतरवलं की आपणही या मर्यादेत बसणारी गाडी काढू. इंजिन जमवलं ते घरातल्याच सामानातून. 327 क्युबिक इंचांच्या इंजिनाचा ब्लॉक, त्याचं बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, चार इंच. त्यात 283 च्या इंजिनाचा क्रँक, त्याचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, तीन इंच. आठ सिलिंडरांचा हिशेब 302 वर आला. 1967 मध्ये अशा फक्त 602 गाड्या बनल्या आणि त्यांच्यावर झेड/28 असं कुठे लिहिलेलंही नव्हतं. पट्ट्यांवरूनच ओळखायचं. 1969 मध्ये हाच आकडा वीस हजारांच्या वर गेला.

दुसरं कारण स्ट्रोकमध्ये दडलंय. 302 चा पिस्टन एका फेऱ्यात 76 मिलिमीटर वर-खाली करतो, 396 चा साडेपंच्याण्णव. 7000 आरपीएमला (मिनिटाला 7000 फेरे) 302 च्या पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे 18 मीटर येतो. तेवढाच वेग 396 मध्ये जेमतेम 5600 आरपीएमलाच येऊन बसतो. म्हणजे छोटं इंजिन वर वर चढत राहू शकतं, मोठ्याला लवकर धाप लागते. वळणातून बाहेर पडल्यावर पुढच्या वळणापर्यंत एकच गिअर ताणून नेता येणं याला रोड रेसिंगमध्ये फार किंमत असते. उलट बाजूही सांगायला हवी. 396 चा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, 410 पौंड-फूट, तोही 3200 आरपीएमवर. 302 चा 290, तोही 4200 पर्यंत चढल्यावर. म्हणून सिग्नलवरून निघताना झेड/28 अगदी मरगळलेली वाटते. तिचे टॅपेट कटकट करतात, आयडलिंग लंगडत चालतं, ऑटोमॅटिक गिअर नाही, एसी नाही. रोज ऑफिसला न्यायला ही गाडी कुणी घेतली असेल तर त्यानं पहिल्याच आठवड्यात कपाळाला हात लावला असेल.

तिसरं कारण वजन. 396 चं बिडाचं धूड 302 पेक्षा सुमारे 50 किलोंनी जड, आणि हे सगळं ओझं पुढच्या चाकांवर. सरळ रस्त्यावर त्याचं काही वाटत नाही. वळणात नाक बाहेर ओढलं जातं, स्टिअरिंग कितीही फिरवा.

या हिशेबाचा निकाल लागला मार्च 1968 मध्ये, फ्लोरिडातल्या सेब्रिंगच्या बारा तासांच्या शर्यतीत. सेब्रिंगचा ट्रॅक म्हणजे जुना लष्करी विमानतळ. काँक्रीटच्या फरशा, त्यांच्या सांध्यांवर बारा तास धडधड. पहिल्या दोन जागा पोर्शे 907 नं घेतल्या. ती शर्यतीसाठीच जन्मलेली गाडी, इंजिन फक्त 2.2 लिटर, वजन 600 किलोंच्या आसपास. फोर्ड जीटी40 मधेच बंद पडल्या. आणि तिसऱ्या, चौथ्या जागेवर कोण, तर रॉजर पेन्स्कीच्या संघाच्या दोन कॅमॅरो झेड/28. तिसऱ्या नंबरच्या गाडीत मार्क डॉनह्यू आणि क्रेग फिशर होते. शोरूममध्ये मिळणाऱ्या गाडीच्या जातीनं दुर्मीळ स्पोर्ट्स कारच्या घोळक्यात इतकं वर येणं ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती. त्या मोसमात ट्रान्स-ॲमच्या 13 पैकी 10 शर्यती डॉनह्यूनं मारल्या. 1968 आणि 1969 चे किताब शेवरलेकडे गेले.

डॉनह्यू ब्राउन विद्यापीठातून मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकलेला होता, आणि माझ्या मते पेन्स्कीच्या संघाचं खरं इंजिन तोच. 1967 मध्ये कॅमॅरो ब्रेकनं आणि वळणांनी त्रास देत होती. यांनी गाडी उघडली, मोजली, पुन्हा बांधली. बॉडीचा पत्रा ॲसिडमध्ये बुडवून पातळ केला, हा प्रताप तर सगळ्यांनाच माहीत आहे. नियमाच्या काठावरून इतक्या शिताफीनं चालणारा संघ विरळा.

आज कुणी जुनी कॅमॅरो बांधून फेरारी-पोर्शेच्या मागे ट्रॅकवर सोडायचं म्हणत असेल, तर त्याला पहिला प्रश्न मी ब्रेकचा विचारेन. हॉर्सपॉवर नंतर. हिशेब करून बघू. चालकासकट 1600 किलोंची गाडी ताशी 200 किलोमीटरवरून 80 वर आणायची. त्यात साधारण 2 मेगाज्यूल ऊर्जा ब्रेकमध्ये जिरते. त्यातला 70 टक्के भार पुढच्या दोन डिस्कवर, आणि त्या दोन्ही मिळून 18 किलो बिडाच्या धरल्या, तर एकाच दाबात त्या सुमारे 175 अंशांनी तापतात. पुढच्या सरळ भागात थोड्या निवतात, तोवर दुसरं वळण आलेलं असतं. चार-पाच वळणांत ब्रेक ऑइल उकळायला लागतं आणि पेडल पोकळ होऊन जमिनीला टेकतं. कोल्हापूरच्या फाउंड्रीत दिवस घालवलेल्या माणसाला बिडाचा हा स्वभाव वेगळा सांगायला नको. ड्रॅगवाल्याला मात्र याची फिकीर नसते. तो पाव मैलाच्या शेवटी एकदाच ब्रेक मारतो आणि नंतर रांगेत उभा राहून गाडी थंड करतो. 1969 च्या दोन्ही कॅमॅरोंना पुढे डिस्क आणि मागे ड्रम होते. चारही चाकांना डिस्कचा पर्याय त्या वर्षी निघाला, जेएल8 नावाचा. तो घेतला फक्त 206 गिऱ्हाइकांनी.

मग तेल. हे कुणाच्या लक्षात येत नाही आणि सगळ्यात महाग पडतं. ड्रॅगची गाडी सुटते तेव्हा चेंबरमधलं, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या टाकीतलं, ऑइल मागे पळतं, म्हणून खोल भाग मागे केला की काम भागतं. लांब वळणात ते एका बाजूला जाऊन भिंतीवर चढतं. पंपाचं तोंड उघडं पडतं, पंप हवा ओढतो, आणि दोन-तीन सेकंद कोरडी चाललेली बेअरिंग पुढच्या सरळ रस्त्यावर खडखडून जाते. म्हणून रोड रेसिंगच्या चेंबरमध्ये आडव्या भिंती आणि एकाच बाजूला उघडणाऱ्या झडपा असतात. बाहेरून बघून काही कळत नाही. मित्रांना दाखवण्यासारखं त्यात काहीच नाही.

पुढचं सस्पेन्शन हे या कॅमॅरोचं जन्मजात दुखणं. गाडी वळणात कलली की बाहेरचं चाक वरच्या अंगानं बाहेर झुकतं, म्हणजे नेमकं नको तिकडे. टायर अर्ध्या रुंदीवर उभा राहतो. चाक धरणाऱ्या वरच्या आर्मचा बिजागर थोडा खाली घेतला की हे बरंच सुधारतं. डिक गुल्डस्ट्रँड या रेसरच्या नावानं ही युक्ती आजही ओळखली जाते. चार भोकं पाडायची, जवळपास फुकट, आणि गाडी वेगळीच होते. मागे स्प्रिंगचा एकच पाटा होता 1967 मध्ये, तो जोर दिला की पिळवटून उड्या मारायचा. 1968 पासून तिखट गाड्यांना जास्त पाटे आणि एक पुढे, एक मागे असे शॉक ॲब्झॉर्बर बसवले. तेव्हा कुठे उड्या थांबल्या.

ड्रॅगवाला याच्या उलट करतो. पुढचं नाक सैल सोडतो, म्हणजे निघताना ते उचललं जाऊन वजन मागच्या टायरवर पडावं. पुढचं काहीही हलकं चालतं, ब्रेकसुद्धा. तशी बांधलेली एसएस घेऊन कुणी वळणांच्या ट्रॅकवर गेला, तर तिसऱ्या वळणाच्या आत त्याला बाहेरचं गवत दिसतं. दोष गाडीचा नाही, ती दुसऱ्याच खेळासाठी तयार झालेली.

विकत घेताना पट्टे आणि बिल्ले बघून भुलू नये. पट्टे कुणीही रंगवतो. 1969 च्या चेसिस नंबरवरून गाडी व्ही8, म्हणजे आठ सिलिंडरांची, आहे इतकंच कळतं. एसएस की झेड/28, ते त्यात लिहिलेलं नाही. 1969 च्या झेड/28 च्या इंजिन ब्लॉकवर, पुढे उजव्या हेडच्या कडेला, क्रमांकाच्या शेवटी 'डीझेड' ठोकलेलं असतं. चाकंही बोलतात. झेड/28 ला 15 इंची, एसएसला 14 इंची. तरी चाकं बदलायला अर्धा तास लागतो, आणि ब्लॉकवर नवे आकडे ठोकणारे महाभागही असतात, तेव्हा जुनी कागदपत्रं मागावीत.

भाच्याला हे सगळं ऐकवत होतो तोवर निळ्या गाडीचा मालक कॉफी घेऊन आला. आम्ही ब्लॉकवर टॉर्च मारतोय हे बघून हसला. म्हणाला, डीझेड शोधू नका, ही साधी कॅमॅरो आहे, मीच झेड/28 सारखी बांधलेली. खरी असती तर ट्रॅकवर न्यायची छाती झाली नसती. भाचा पुढच्या चाकाशी उकिडवा बसला. स्पोकमधून डिस्क दिसत होती, कडेला निळसर-जांभळी, तव्याला पडते तशी झाक. नारिंगी गाडीच्या डिस्क ताटासारख्या लखलखीत.

दहा मिनिटांनी दोन्ही गाड्या एकाच सिग्नलला उभ्या राहिल्या. दिवा हिरवा झाला आणि नारिंगी एक गाडीभर पुढे निघून गेली.