ईडीटीए: कापडाच्या रंगापासून शाम्पूच्या बाटलीपर्यंत

साबण, शाम्पू, डोळ्यांत घालायचे थेंब यांच्या घटकांत शेवटी शेवटी ‘डायसोडियम ईडीटीए’ लिहिलेलं असतं. ईडीटीए म्हणजे धातूंचे अंश घट्ट पकडून ठेवणारं रसायन. मेयोनीजच्या बाटलीवर त्याचाच भाऊबंद ‘३८५’ या आकड्याआड असतो.

मुळात हे रसायन कापड रंगवण्यासाठी आलं. जड पाण्यातल्या कॅल्शियममुळे रंगाईत अडचणी यायच्या. त्यावर सायट्रिक आम्ल चालायचं, पण जर्मनीला ते आयात करावं लागे. पर्याय शोधताना फर्डिनांड म्युन्झ यांनी १९३५ च्या सुमारास ईडीटीए बनवलं. पुढच्या दशकात झुरिकच्या गेरोल्ड श्वार्झेनबाख यांनी त्यावरून पाण्याचा जडपणा मोजायची पद्धत बसवली. ब्युरेटमधून थेंब थेंब सोडत द्रावण लालसरचं निळं होताना आपल्याकडच्या रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी पाहिलेलं असतं, ते हेच. द्राक्षबागायतदारांचं ‘चिलेटेड झिंक’ (असं पकडून ठेवलेलं जस्त) हेसुद्धा बहुधा याच घराण्यातलं.

शाम्पू-मेयोनीज टिकावं म्हणून ते घालतात, पण खरं तर ईडीटीए स्वतः फारसे जंतू मारत नाही. तेल खवट करणारे लोखंड-तांब्याचे अंश ते पकडून ठेवतं. शिवाय स्यूडोमोनससारख्या चिवट जिवाणूंच्या बाह्य आवरणातलं मॅग्नेशियम-कॅल्शियम काढून घेतं, मग दुसऱ्या प्रिझर्व्हेटिव्हचं काम सोपं होतं.

ईडीटीए शरीराला घातक आहे का, हा वाद मात्र बऱ्याचदा नावांच्या गोंधळातून होतो. अन्नात वापरतात ते कॅल्शियम डायसोडियम ईडीटीए. १९७३ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने त्याची मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागे रोज २.५ मिलिग्रॅम ठरवली. म्हणजे ६० किलोच्या माणसाला १५० मिलिग्रॅम. अमेरिकेत किलोभर मेयोनीजमध्ये जास्तीत जास्त ७५ मिलिग्रॅम चालतं. तेव्हा एवढं पोटात जायला रोज दोन किलो मेयोनीज खावं लागेल! त्यातलंही आतड्यातून जेमतेम ५ टक्के शोषलं जातं, त्वचेतून तर नगण्य.

शिरेतून दिलं की गोष्ट बदलते. हाच कॅल्शियमयुक्त क्षार १९५० च्या दशकापासून शिशाच्या विषबाधेवर देतात. नुसतं डायसोडियम ईडीटीए मात्र रक्तातलं कॅल्शियमच ओढून घेतं. २००३ ते २००५ दरम्यान अमेरिकेत अशा उपचारांत तिघांचा जीव गेला. त्यांतली दोन लहान मुलं. शाम्पूवर त्याचं खापर फोडणं चूक, पण ‘शरीर डिटॉक्स करतो’ म्हणत ईडीटीएचं सलाइन लावणाऱ्यांपासून लांबच राहावं.

माझ्या मते बाटलीतल्या ईडीटीएचा खरा प्रश्न गटारात सुरू होतो. सांडपाणी प्रकल्पात ते सहजी विघटित होत नाही, नदीपर्यंत पोचतं. म्हणून काही डिटर्जंटमध्ये आता सहज विघटित होणारे जीएलडीए, एमजीडीए हे पर्याय येऊ लागले आहेत.