एंटोथिओनेला

स्पंजांच्या ऊतकांत राहणारी तंतुरूप सहजीवी जीवाणूंची प्रजाती. शुद्ध स्वरूपात संवर्धन झालेले नसल्याने नावाआधी ‘कॅन्डिडाटस’ जोडतात. टेक्टोमायक्रोबिया या प्रस्तावित संघात तिचा समावेश होतो. थिओनेला स्विन्होई या स्पंजातील जीवाणूवरून हे नाव २००० साली सुचवले गेले.

थिओनेलापासून मिळणारी संयुगे नेमकी कोण तयार करतो, हा प्रश्न बराच काळ वादाचा होता. स्विनहोलाइड ए हे पेशीविषारी संयुग सायनोबॅक्टेरियांचे (प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या जीवाणूंचे) असावे, असा आरंभीचा तर्क होता. १९९६ मध्ये ब्यूली, हॉलंड व फॉकनर यांनी पलाऊ येथील स्पंजाच्या पेशी वेगळ्या करून तपासल्या. सायनोबॅक्टेरियांत स्विनहोलाइड आढळले नाही. ते एकपेशीय परपोषी जीवाणूंच्या भागात, तर थिओपलाउअमाइड हे पेप्टाइड तंतुरूप जीवाणूंत सापडले. तथापि पेशीत संयुग सापडणे आणि ते तिथेच तयार होणे या दोन गोष्टी एक नव्हेत; जनुकांचा पुरावा अधिक ग्राह्य मानावा लागतो. स्विनहोलाइडशी जवळचे नाते असलेल्या मिसाकिनोलाइडचा जनुकसमूह पुढे एंटोथिओनेलातच आढळला. अर्थात, याच गटातील काही संयुगे सायनोबॅक्टेरियाही बनवतात. त्यामुळे मूळ तर्क सर्वस्वी निराधार होता, असे म्हणता येत नाही.

जनुकीय पुराव्याची वाट एका भुंगेऱ्यामुळे सापडली. पेडेरस भुंगेऱ्यातील पेडेरिन हे विष त्याच्या सहजीवी जीवाणूचे असल्याचे यॉर्न पील यांनी २००२ मध्ये दाखवले. स्पंजातील ऑनामाइडची रचना पेडेरिनसारखीच असल्याने त्याची जनुके शोधणे शक्य झाले, व ती २००४ मध्ये मिळाली. थिओनेलातील पॉलिथिओनामाइड या पेप्टाइडांत डी-अमिनो आम्ले (नेहमीच्या अमिनो आम्लांची आरसा-प्रतिमा असलेली रूपे) विपुल असल्याने ती रायबोसोमविना (पेशीतील प्रथिने बनवणाऱ्या कणाविना) बनत असावीत, असे मानले जाई. २०१२ मध्ये उलट निष्पन्न झाले : रायबोसोमवर साधे पेप्टाइड तयार होते आणि मग मोजकी विकरे त्यात सुमारे पन्नास फेरबदल करतात.

२०१४ मध्ये जपानमधील पिवळ्या थिओनेलातले तंतू त्यांच्या स्वयंप्रकाशदीप्तीच्या (प्रकाश पडल्यावर स्वतःहून चमकण्याच्या गुणाच्या) साहाय्याने वेगळे काढून जनुकसंच वाचण्यात आला. तो ९० लाख आधारक-जोड्यांहून मोठा निघाला. त्या स्पंजातून ज्ञात असलेली जवळजवळ सर्व जैवसक्रिय पॉलिकेटाइडे (ऑनामाइडसारखी संयुगे) व पेप्टाइडे या एकाच जीवाणूची ठरली. शिवाय ज्यांचे उत्पादन कोणते हे माहीत नाही, असेही जनुकसमूह आढळले.

डिस्कोडर्मिया कॅलिक्स या स्पंजातील कॅलिक्युलिन हे विषही एंटोथिओनेलाचेच आहे. ते फॉस्फेट जोडलेल्या, कमी विषारी रूपात साठवले जाते आणि स्पंजाच्या ऊतकाला इजा झाली की फॉस्फेट सुटून तीव्र विष तयार होते.