100 किलोची स्कूटर म्हणजे 100 किलोचाच भार?

ब्रिटन-युरोपातल्या मोटरहोमवाल्यांमध्ये (मोटरहोम म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी) एक समज पक्का बसलाय: गाडीच्या 3,500 किलोंच्या एकूण वजनमर्यादेत 100 किलो शिल्लक असले, की साधारण तेवढ्याच वजनाची होंडा व्हिजन 110 स्कूटर गाडीच्या मागच्या रॅकवर बिनधास्त चढवावी. हे चूक आहे, आणि धोक्याचंही.

रॅक मागच्या चाकांच्या बराच मागे असतो, त्यामुळे तिथलं वजन तरफेसारखं काम करतं. दोन अ‍ॅक्सलमध्ये (पुढच्या आणि मागच्या चाकांच्या आसांमध्ये) 4 मीटर अंतर आणि स्कूटर मागच्या अ‍ॅक्सलच्या 2 मीटर मागे, असं धरा. मागच्या अ‍ॅक्सलवर 150 किलो वाढतात, पुढचा 50 किलोंनी हलका होतो. रॅकचं वजन वेगळंच. फियाट ड्युकाटोवर बांधलेल्या मोटरहोमना ओढ पुढच्या चाकांची असते. त्यांच्यावरचा भार घटला, की ओल्या गवतावर तीच चाकं जागच्या जागी फिरत राहतात.

म्हणून आधी सामान, पाणी, माणसं भरून प्रत्येक अ‍ॅक्सलचं वजन काट्यावर स्वतंत्र करून घ्या. मग स्कूटर निवडा. निव्वळ हलकी म्हणून 50 सीसीची मात्र घेऊ नका, हे माझं ठाम मत. तिचा वेग कायद्यानेच ताशी 45 किलोमीटरवर रोखलेला असतो आणि दोघांना घेऊन चढावर ती दमते. मागच्या अ‍ॅक्सलला तेवढी क्षमता नसेल, तर स्कूटर ट्रेलरवर न्या.