सक्रिय जिवाणुसंसर्ग सर्वेक्षण, अमेरिकेतील

अमेरिकेत गंभीर जिवाणुसंसर्ग किती लोकांना होतो आणि त्याचे प्रमाण वाढते की घटते, याची मोजदाद करणारी यंत्रणा. तिचे मूळ नाव ‘अ‍ॅक्टिव्ह बॅक्टेरियल कोअर सर्व्हेलन्स’. रोगनियंत्रण व प्रतिबंध केंद्राने (सीडीसी) ती १९९५ मध्ये सुरू केली.

रुग्णालयात किती रुग्ण आले, एवढ्यावरून रोगाचा दर कळत नाही. अंशाइतकाच छेदही पक्का लागतो: हे रुग्ण नेमक्या किती लोकांमधले? त्यासाठी दहा राज्यांतले प्रदेश ठरवून घेतलेले आहेत. मिनेसोटासारखे राज्य पूर्ण, तर कॅलिफोर्नियातल्या मोजक्याच काउंट्या (जिल्ह्यासारखे विभाग). तिथल्या रहिवाशांची संख्या जनगणनेवरून मिळते आणि बाहेरून उपचाराला आलेला रुग्ण मोजला जात नाही. या दरांवरून मग वय व वंश यांचा हिशेब धरून देशभराचा अंदाज काढतात.

डॉक्टरांनी कळवण्याची वाट न पाहता कर्मचारी स्वतः प्रयोगशाळांकडे विचारणा करतात आणि अधूनमधून त्यांच्या नोंदी चाळून सुटलेले रुग्ण शोधतात. ‘सक्रिय’ म्हणतात ते यामुळेच. रक्त किंवा पाठीच्या कण्यातले पाणी अशा एरवी जंतुविरहित ठिकाणी जिवाणू सापडला, तरच नोंद होते. न्यूमोकोकस हा न्यूमोनिया, मेंदूज्वर घडवणारा जिवाणू निरोगी मुलांच्या नाकाघशातही असतो, म्हणून तिथला धरत नाहीत. या काटेकोरपणापायी नमुना घेण्याआधीच प्रतिजैविक मिळालेले काही रुग्ण निसटतात.

या मोजदादीचे मोल सर्वांत ठळक दिसते ते नवजात बालकांत. १९९०च्या दशकाच्या आरंभी ‘ब’ गटाच्या स्ट्रेप्टोकोकस या जिवाणूचा संसर्ग पहिल्या आठवड्यातच होणाऱ्या बालकांचे प्रमाण हजार जिवंत जन्मांमागे सुमारे १.८ होते. प्रसूतिकळा सुरू असताना आईला शिरेतून पेनिसिलिन दिल्यास तो बहुधा टळतो. पण ते कोणाला द्यावे? मुदतपूर्व प्रसूती, ताप अशी धोक्याची चिन्हे पाहून, की प्रत्येक गर्भवतीच्या शरीरात हा जिवाणू आहे का, याची चाचणी करून? १९९६च्या मार्गदर्शक सूचनांनी दोन्ही मार्ग मोकळे ठेवले होते. या सर्वेक्षणातल्याच प्रदेशांतील प्रसूतींच्या नोंदी तपासल्यावर सरसकट चाचणी धोक्याच्या चिन्हांच्या मार्गापेक्षा पन्नास टक्क्यांहून अधिक परिणामकारक ठरली, आणि २००२ मध्ये तीच शिफारस झाली. २०१५ पर्यंत दर ०.२३ वर आला.

रुग्णांकडून मिळालेले जिवाणू जपून त्यांचे उपप्रकारही ओळखले जातात. २००० मध्ये न्यूमोकोकसच्या सात उपप्रकारांविरुद्ध लस आल्यावर लहान मुलांतला आजार झपाट्याने घटला. मात्र लशीबाहेरचा ‘१९अ’ डोके वर काढताना याच नोंदींत दिसला. २०१० मध्ये आलेल्या तेरा उपप्रकारांच्या लशीत त्याचा समावेश आहे.